पेशंट क्रमांक एक

साथ मंगळवारी अकरा वाजता येईल, असं ठरलं.
भोपाळहून तसं पत्र होतं, जावक क्रमांकासकट.
सात जिल्ह्यांच्या प्रती मीच पाठवल्या;
अलीराजपूरचा फोन लागेना,
ती गंगवालवरून निघणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे दिली,
वर वीस रुपये.

मी भांडारपाल, संभागीय आरोग्य कार्यालय, इंदूर.
माझ्या खोलीत उद्याची भीती
खोक्यांत भरून, रॅकला नंबर घालून ठेवलेली आहे.
मास्क. मुदत संपलेले वेगळे, लाल दोऱ्याने बांधून.
अंगभर घालायचे पांढरे सूट, सगळे एकाच मापाचे,
जणू घाबरणारी माणसं एकाच उंचीची असतात.
ऑक्सिजनचे सिलिंडर: दोनशे बारा.
भरलेले?
त्या रकान्यात मी पेन्सिल वापरते.

बैठकीत कमिश्नर साहेब म्हणाले,
पहिला रुग्ण विमानतळाकडून येईल,
आणि नकाशावर तिथे टाचणी टोचली.
डॉक्टर आगाशेबाई हळूच म्हणाल्या,
सर, तो सरवटे बसस्टँडवर उतरेल,
मांडीवर नात असेल, आणि दोन दिवस कुणाला सांगणार नाही.
कुणीतरी हसलं.
इतिवृत्तात हसणं लिहीत नाहीत.
टाचणी आहे तिथेच राहिली.

आता पेशंट हवा होता.
हरचंद बौरासी, शिपाई, वय चौपन्न.
"भिया, तुम्हीच झोपा. वजन कमी, उचलायला बरे."
त्याने चपला काढून भिंतीशी नीट लावल्या
आणि स्ट्रेचरवर आडवा झाला,
छातीवर हात, खिशात लक्षणांची चिठ्ठी.

अकरा वाजून चार मिनिटं. गेट.
स्ट्रेचरचं डावं चाक ओरडत होतं.
(तेलाची मागणी दोन महिने वर अडकली आहे.)
पांढऱ्या सूटातला पोरगेलासा डॉक्टर वाकून म्हणाला,
"क्या तकलीफ़ है, दादा?"

हरचंदने चिठ्ठी काढलीच नाही.
तो बोलला ते माळवीत, मी इथे मराठीत लिहिते आहे:

रात्री ती उठून बसली. म्हणाली, खिडकी उघडा.
खिडकी उघडीच होती.
मग म्हणाली, दार.
दारही उघडलं.
मग म्हणाली,
अजून काहीतरी उघडा.

पोर्चमध्ये तीस माणसं उभी होती.
घड्याळवाल्याचा अंगठा बटणावर राहिला,
घड्याळ मात्र चालूच.
डॉक्टरने फॉर्म वरून खाली वाचला,
पुन्हा वरून खाली,
आणि "धाप" समोर खूण केली.

गेटपासून पलंगापर्यंत एकोणीस मिनिटं.
टाळ्या झाल्या. समोसे आले.
त्या वर्षी हरचंदला पलंग मिळायला किती वेळ लागला
ते आमच्या दप्तरी नाही.
तेव्हा वेळ मोजायला कुणी मोकळं नव्हतं.

अहवालात शेऱ्याचा रकाना एका बोटाएवढा.
मी लिहिलं: चाकाला तेल द्यावे.
खाली सही.

संध्याकाळी तो चादर घडी घालून परत करायला आला.
नग एक. पावती मागितली, दिली.
जाता जाता थांबला.
"बाई, टंक्या भरेल हैं ना?"

मी मान हलवणार होते.
मग कपाटातून पाना काढला.

भरलेला सिलिंडर ठोकला तर मुका राहतो,
रिकामा देवळातल्या घंटेसारखा वाजतो.
एक एक करत गेलो, तो ठोकत, मी मोजत.
वीज गेली तेव्हा नव्वद झाले होते.
त्याने मोबाइलचा दिवा दातांत धरला.
बाहेर चौकीदाराने हाक मारून विचारलं,
आत आरती आहे का?

पेन्सिलीचा आकडा खोडरबराने पुसला.
पेनाने लिहिलं: भरलेले, एकशे एकतीस.

आता या आकड्याला जावक क्रमांक हवा.
बुधवारी टपालाचा माणूस रजेवर असतो.
मी स्वतः जाईन.