शुभेच्छुक

शिडाचं कापड परवडेना,
म्हणून चौकातून उतरवलेला फ्लेक्स आणला.
बारा बाय आठ. कुणाचा तरी वाढदिवस होऊन गेलेला.
साहेबांच्या दोन डोळ्यांच्या मधोमध डोलकाठी येईल असं बेतलं,
कडा दुमडून दाभणानं शिवल्या.
कड्या मात्र पितळी, स्वतः लेथवर काढलेल्या.
त्यात तडजोड नाही.

काळम्मावाडीच्या पाण्यावर
अमावस्येच्या अलीकडची रात्र.
उद्यमनगरातली शिफ्ट अंगात तशीच,
बोटांना कटिंग ऑइलचा वास,
आणि वारा दाजीपूरच्या अंगानं,
उधारी मागायला आल्यासारखा:
येतो, थांबतो, खाकरतो, परत येतो.

बारापर्यंत सगळं जागच्या जागी होतं.
मग धरणाच्या भिंतीवरचा दिवा
चालायला लागला.
मी म्हटलं, दिवे चालत नाहीत.
तो चालतच होता.
डोळे मिटून वीसपर्यंत मोजलं, उघडले.
दिवा जाग्यावर. मीच
तेरा आणि चौदाच्या मध्ये कुठंतरी
झोपून आलो होतो.

दीडच्या सुमाराला पाण्याखाली घंटा वाजली.
खाली गावं आहेत, हे काय नवीन नाही.
देऊळ पण असेल एखादं.
मी हात जोडले.
मग पायानं डबा जरा सरकला आणि घंटा थांबली:
डब्यातला चमचा.
जोडलेले हात थोडा वेळ तसेच राहिले.
एवढ्या अंधारात, कुणी बघत नसताना,
सोडवायची लाज वाटली.

अडीचला इलाही मुजावर नाळेवर येऊन बसला.
घाबरलो नाही. एकोणीस वर्षं शेजारच्या मशीनवर होता,
त्याचं बसणं मला पाठमोरं पाठ आहे.
इलाही जिवंत आहे. चाकणला असतो.
गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.
हे मी त्याला सांगितलं.
"व्हय," म्हणाला, "पर दोन सूत डावीकडं घे."
घेतलं.
"आनि अर्धं."

पाण्यावर अर्धं सूत कसं घेतात मला ठाऊक नाही,
पण सुकाणू सरकलं,
आणि उजव्या बाजूनं काहीतरी काळं
घासल्या न घासल्यासारखं निघून गेलं.
बुडालेल्या झाडाचं खोड. नाहीतर
नुसताच अंधार, जरा जास्त दाट झालेला.
अर्धी भाकरी आणि खर्डा त्याच्यासाठी फळीवर ठेवला.
इलाही कधी आभार मानत नाही. आताही मानले नाहीत.

साडेतीन. हे सांगायचं नव्हतं.
शिडाच्या खालच्या ओळीत शुभेच्छुक असतात,
पासपोर्टएवढे, एकवीसजण.
वारा भरला की सगळ्यांचे गाल भरायचे,
वारा पडला की सगळे एकदम म्हातारे.
डावीकडून सहावा आमचा विश्वतेज.
फेटा, गॉगल, हाताची घडी.
घर सोडून दोन वर्षं झाली,
फोन उचलतो, पण आईचा.

त्यानं गॉगल काढला, शर्टाला पुसला.
"पप्पा, झोप आली काय?"
आली, म्हटलं.
"मग झोपा की."
सुकाणू कोण धरणार?
ह्यावर तो काही बोलला नाही.
आठ महिन्यांत आमच्यात झालेलं एवढंच बोलणं,
आणि त्यातली त्याची वाक्यंसुद्धा
मीच बोललो असणार.

उजाडताना होडी चिखलात रुतली.
कुठला काठ ते कळेना,
धुक्यात म्हशीच्या गळ्यातलं लोढणं तेवढं ऐकू येत होतं,
ते खरं होतं, शेणाचा वास होता.
फळीवर भाकरी नव्हती.
बाहीवर खर्ड्याचा डाग होता, माझ्याच.

शीड उतरवलं, चिखलावर पसरलं,
आणि खालच्या ओळीवर बोट ठेवत गेलो.
एक. दोन. तीन. चार. पाच.

सहाव्याच्या जागी तोंड नव्हतंच.
तिथं मी कडी ठोकलेली.
फेटा वर, हाताची घडी खाली,
मध्ये पितळ. काठ गोल, माप बिनचूक,
आणि रात्रभर त्यातूनच
दोरी ओढत होतो मी.