स्वस्त गावले

लग्नानंतर चौथ्या महिन्यात
वेंगुर्ल्याची एसटी आंबोलीचा घाट चढली,
आईला उलटी झाली तेवढ्यापुरतीच थांबली.
पुढे अनगोळात भाड्याची खोली,
उद्यमबागेत बाबांची फाउंड्री,
आणि दाराबाहेर एक भाषा
जी आईला पहिली दोन वर्षं
नुसती भांडल्यासारखी ऐकू यायची.

बाबा प्रेमाचं काही बोलल्याचं
घरात कुणालाच आठवत नाही.
शेवंती म्हणून हाकसुद्धा नाही.
"ऐकलंस?" एवढंच,
तेही भिंतीवरच्या कॅलेंडरला.

फक्त पगाराच्या शनिवारी
सायकलच्या हँडलला पिशवी,
पिशवीतून वाटभर ठिबकत आलेलं बर्फाचं पाणी.
"बांगडे. स्वस्त गावले."
मग मोरीत बसून
नखांतली साच्याची काळी वाळू
ते बराच वेळ काढत राहत.

घाटावर बांगडा कधी स्वस्त नसतो.
हे निंगव्वाने सांगितलं, पायरीवर लसूण सोलताना,
भाव बोटांवर मोजून दाखवत.
आई पहिलं कन्नड शिकली
ते हे असं, माशाच्या भावाचं.

ती बाबांना काही बोलली नाही.
फॉल-पिकोचे जे काही सुटे पैसे यायचे
ते खुंटीवरच्या खाकी पँटीत जाऊ लागले,
मागच्या खिशात,
त्यांच्यासारख्याच चार घड्या घालून.

बाबा मोजत. परत मोजत.
"हिशोब चुकता माझो हल्ली."
"चुकायचोच. वय झाला की."
(हे शेवटचं 'की' बेळगावचं,
तिच्या तोंडात कधी येऊन बसलं कुणास ठाऊक.)
बाबा तेव्हा चौतीस वर्षांचे होते.

परवा मी आणले बांगडे.
बाबांना आता सायकल झेपत नाही,
गुडघ्यांनी फाउंड्रीच्या आधीच राजीनामा दिलेला.
"केवढ्याक?" त्यांनी विचारलं,
आणि मी, बँकेत नोकरी करणारी मुलगी,
खरा आकडा सांगून टाकला.

आईने विळी थांबवली.
दोघांनी माझ्याकडे असं बघितलं
जणू चाळीस वर्षं वापरातली बरणी
माझ्याच हातून फुटली.

"फसवल्यान तुका," बाबा कॅलेंडरला म्हणाले.
"स्वस्त गावतत."
"गावतत की," आई म्हणाली,
आणि खवले काढायला लागली,
एक उडून त्यांच्या बाहीवर चिकटला,
तो दोघांनीही पुसला नाही.