दुसरी खिडकी

लिएपायाच्या टपाल कचेरीत दुसऱ्या खिडकीशी
बावीस वर्षं मी वजन करते आहे.
पेटीत काय आहे ते तराजू विचारत नाही.
मीही विचारत नाही.
पण हातांना कळतं
घड्याळ कसं बसतं, बूट कसे बसतात,
आणि घड्याळ म्हणून निघालेली अर्धी वीट
कशी बसते.

वेल्टा ग्राउदिन्या मार्चमध्ये आली.
बंदरावरून वारा असा, की दार तिच्यामागे दोनदा उघडलं.
नवऱ्याचा कॅमेरा. लिलावात गेला, एकशे साठ युरोला,
बोली लावणाऱ्याचं तोंडही न बघता.
तिनं तो एवाल्ड्सच्याच लोकरी मोज्यांत गुंडाळला होता,
एक मोजा इकडून, एक तिकडून.
एक किलो दोनशे चाळीस ग्रॅम. मी पावती दिली.
तिनं ती बसच्या तिकिटासारखी चुरगाळून खिशात टाकली.

तीन आठवड्यांनी कॅमेरा परत.
"चालत नाही, पैसे पाठवा."
तिनं पाठवले. सभ्य माणसं आधी पैसे देतात,
मग पेटी उघडतात.
आत होता कॅमेराच. तोच घाट, तोच काळा रंग,
पण चाळीस वर्षं एका अंगठ्यानं झिजवलेला कोपरा
कोरा करकरीत.
"आणि मोजे?" मी विचारलं.
"तेही ठेवून घेतले,"
आणि तिथे, मोज्यांपाशी, तिचा आवाज फुटला.

मी म्हटलं, पावती? क्रमांक? आधीचा फोटो?
ती माझ्याकडे बघत राहिली,
जणू मी विचारत होते, लग्नाच्या दिवशी
नवऱ्याच्या बोटांचे ठसे घेतले होतेस का.

आता भिंगं येतात ती उघडीच येतात.
माझ्यासमोर ती क्रमांक मोठ्यानं वाचते,
तराजूवरच्या आकड्यासकट फोटो काढते,
चिकटपट्टीच्या जोडावर आडवी सही करते.
रांगेतले लोक खाकरतात.
खाकरू देत.
एकानं लिहिलं होतं, लिलाव आजच बंद करा,
पैसे बाहेरून देतो, जास्तच देतो,
वरचे तेवढे माझ्या गाडीवाल्याला द्या, घाई आहे.
तिनं उलट लिहिलं: माझ्याकडची घाई संपली आहे.

मग ऑक्टोबरात ती प्रकाशमापक घेऊन आली.
उन्हाळ्यातल्यासारखी बोलली नाही.
शिक्का मारता मारता मीच विचारलं.
बत्तीसवर बोली अडली होती. भाचा म्हणाला,
मी दुसऱ्या नावानं चढवतो, मावशी,
तुला लुटलं तेव्हा कोण आलं होतं?
"मग?"
"चव्वेचाळीसला गेला. योएनसूचे कुणी उर्पो.
त्यांनी लगेच पैसे भरले. आभारही मानले."

दोनशे दहा ग्रॅम.
आकडा जरा हलला, स्थिर झाला.
मापात पाप नव्हतं.
मापाबाहेर होतं, बारा युरोंचं,
आणि तिला ते पेटीपेक्षा जड जात होतं.

ती पेटी उचलून बाजूला झाली.
तीन माणसं पुढे सरकली.
मग परत आली, सही फाटलेली,
तिच्यावर नवी पट्टी, नवी सही, जरा तिरकी.
दोनशे एकोणीस.
दहाची नोट आणि दोनचं नाणं मिळून
नऊ ग्रॅम भरतात, हे मला पाठ आहे.
टपालातून रोकड पाठवण्यास मनाई आहे,
ही पाटी माझ्या डोक्याच्या बरोब्बर वर आहे.
मी वर बघितलं नाही.

तिच्यामागे तो उभा होता, महिन्यातून दोनदा येणारा,
स्वच्छ दाढी, गोड हसू, नमस्कार आधी त्याचाच.
"घड्याळ," म्हणाला, "भिंतीवरचं, जुनं, जपून."
मी पेटी हातात घेतली.
घड्याळ असं बसत नाही.

तराजूवर ठेवली नाही.
बावीस वर्षांत पहिल्यांदाच विचारलं,
आणि माझाच आवाज मला मोठा वाटला:
"आत काय आहे?
उघडून दाखवा."