सतरा जागा

डॉक्टर साबेला चिमटीत पकडून बघते
एलादिओची कातडी. सतरा ठिकाणी.
गाल, छाती, पोट, दंड,
हात, बोटं, मांड्या, पोटऱ्या, पावलं.
सहज उचलली गेली तर शून्य.
उचललीच नाही तर तीन.
मी भिंतीजवळच्या खुर्चीत बसून
तिच्याआधीच बेरीज करते, दुकानात करायचे तशी.
अडतीस. मार्चमध्ये एकतीस होती.

भांडणात मी म्हणायचे, गेंड्याच्या कातडीचा आहेस.
आता ती शिवी घरात कुणी काढत नाही.

बत्तीस वर्षं पोरिन्योच्या खाणीत
गुलाबी ग्रॅनाइट कापला त्यानं, कोरडाच.
पाणी सोडलं की काम रेंगाळतं, मुकादम म्हणायचा.
संध्याकाळी भुवया गिरणीतून आल्यासारख्या.
मी शर्ट झटकायचे अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून.
त्या धुळीनंच झालं का, मी विचारलं.
साबेला म्हणाली, शक्य आहे.
खाणीच्या ऑफिसात हा शब्द चालत नाही.

आधी फक्त बोटं होती.
फ्रीजमधून दूध काढलं की पांढरी, मग निळी, मग लाल.
फ्रान्सचा झेंडा, म्हणाला शेजारचा बाल्तासार,
आणि आम्ही हसलो.
मग अंगठी निघेना, सोनारानं कापून काढली.
मग तोंड. सूपचा चमचा मावेना,
कॉफीचा घेतला. रविवारी पाद्री
प्रसादाची चकती अर्धी मोडून ठेवतो जिभेवर.

ब्वेनोस आयरेसहून आलेली हेनेरोसा आत्या
सणाच्या जेवणात म्हणाली,
एक सुरकुती नाही रे एलादिओ, लावतोस तरी काय?
तो हसला असावा.
ते कळायला आता डोळ्यांकडे बघावं लागतं.

कातडी निदान दिसते तरी.
आतलं ऐकावं लागतं.
पाठीला कान लावला की श्वासाच्या शेवटी
बुटाचा वेल्क्रो सोडवल्यासारखी करकर.
घास गळ्याखाली उतरतो आणि मध्येच बसून राहतो,
निघायचं नाव न काढणाऱ्या पाहुण्यासारखा.
मूत्रपिंडांसाठी मी रोज दोनदा रक्तदाब मोजते,
वहीत लिहिते. आकडा एकदम चढला
तर रात्र बघायची नाही, थेट विगोचं हॉस्पिटल.

काल तिथून परतल्यावर मीच शोधली
साबेलाच्या यादीत नसलेली एक जागा.
कानाची पाळी. मऊ. पोरांची असते तशी.
धरून बसले. तो म्हणाला,
बोटं गार आहेत तुझी, सोड.

आंबट वर येऊ नये म्हणून पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली
त्यानंच कापलेले दोन ठोकळे ठेवलेत,
गुलाबी, एका बाजूनं पॉलिश केलेले.
रात्रभर आम्ही दोघं पायथ्याकडे घसरतो.
तीनला जाग येते. मी त्याच्या काखेत हात घालून
वर ओढते. अजून जड आहे.
मग स्वतः वर सरकते.