मिठाखाली

विन्सफर्डच्या खाली मीठ आहे,
दीडशे मीटर खाली, समुद्राला कधीच विसरलेलं,
विटकरी, जिभेला लावलं तर लोखंडासारखं.
त्या मिठात मंत्र विरघळत नाही, थिजतो.
म्हणून जादू येणाऱ्यांना तिथे ठेवतात.

मी आठवड्यातून चार रात्री खाली जाते.
पाळणा उतरताना कानाला दडे बसतात.
माझं काम ऐकण्याचं.
दर भाषेला ऐकणारे नेमलेत:
वेल्शला दोन, पंजाबीला तीन,
मराठीला मी.
मराठीत कैदी एकच,
सुंद्रा शेलटकर, कोठडी एकोणीस.
गुन्हा: क्रूमधल्या एका इमारतीत
मीटरमधले पैसे संपल्यावरही
अकरा घरांचे हीटर तिने हिवाळाभर
नुसत्या तोंडाने चालू ठेवले.
शिक्षा नऊ वर्षं.

वहीत तीन रकाने. शब्द. अर्थ. धोका.
मिसेस थेलवॉल दर सोमवारी सही करतात.
पहिल्याच आठवड्यात मी 'इश्श'पाशी अडले.
अर्थाच्या रकान्यात काय लिहिणार?
लिहिलं: हवा.
धोका: नाही.

तिच्या शेजारी इदवल, पक्षी बोलावणारा.
इथेही बोलावतो, येत कुणी नाही.
एकदा मात्र कोपऱ्यात राखी पीस सापडलं
आणि तीन पहारेकऱ्यांची बदली झाली.
समोर स्टोकचा रीस, मिसरूड फुटलेलं पोर,
फुटका कप नुसता बघून सांधायचा.
त्याला प्लास्टिकच्या पेल्यात चहा देतात.

सुंद्रा फारसं बोलायची नाही.
'आमटीत मीठ नाही,' म्हणाली एकदा,
भिंतीला टेकून,
आणि आम्ही दोघी इतक्या हसलो
की गजर वाजला.

पहाटे पाळी संपली की सवयीने मी म्हणायची,
'येते हं.'
ती मान हलवायची.
जानेवारीतल्या एका पहाटे हलवली नाही.
'येतेस कुठे? जातेस तर.'
'जाते म्हणू नये,' मी म्हटलं.
'का?'
मला काय माहीत का.
आमच्याकडे मरणारेसुद्धा
'येतो' म्हणूनच गेले.

तिने तो शब्द तोंडात घोळवला
खडीसाखरेसारखा, आवाज न करता.
इतकी वर्षं ओठांवर होता आणि दोघींनाही दिसला नव्हता.
मी वही उघडली.
शब्द: येते.
अर्थ: जाते.
पेन जरा थांबलं.
धोका: नाही.

मंगळवारी एकोणीस नंबरात
घडी घातलेलं पांघरूण होतं.
चौकशीत थेलवॉलबाईंनी शेवटचा शब्द विचारला.
मी वही पुढे केली.
त्यांनी ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली.
'पगार घेता तुम्ही आमचा,' एवढंच म्हणाल्या.
खाल्ल्या मिठाला जागावं, खरं आहे.
पण त्या आमटीत कुठे होतं.

आता बर्फ पडलंय.
कौन्सिलचे ट्रक आमच्याच खाणीतलं मीठ
अख्ख्या चेशरभर उधळत फिरतात,
वळणांवर, चढांवर, बसथांब्यांवर.
आणि मी रात्री उठून विचार करते,
तिचे पाय त्यावर चालतील की थिजतील.

म्हणून सकाळी खराटा घेते,
पायरीवरचे विटकरी खडे झाडते,
मग फाटकापर्यंत,
मग पोस्टाच्या पेटीपर्यंत.
शेजारचा डेरेक खिडकीतून ओरडतो,
घसरून पडाल अशाने.
पडेन.
ती काही 'जाते' म्हणून गेलेली नाही.