पाचवी लाट

कुतैसीच्या इस्पितळात दुपारी दोननंतर
आम्ही एका झोपेची वाट बघतो.
वासिको सात आठवड्यांचा. दूध पिऊन, ढेकर देऊन झालाय.
म्झिया त्याला खांद्यावर घेऊन खोलीभर चालते;
मेस्तियाहून उतरताना वळणावळणाला तीनदा ओकला,
हे ती मला दुसऱ्यांदा सांगते, अगदी हळू.
हळू का, हेच तर बघायचंय.

कपाळ घासून एक तार, कानांमागे दोन,
कानात पेराएवढा फोम.
आधी वरचे, बारीक सूर.
टिक् टिक् टिक् टिक्, सेकंदाला सदतीस.

एका टिकेला मेंदू काय म्हणाला ते कधीच कळत नाही.
गलका असतो: स्नायू, श्वास, भिंतीतली वीज.
म्हणून दोन हजारदा तेच विचारायचं
आणि सगळी उत्तरं एकावर एक रचायची.
गलका आपापसात भांडून विझतो.
उरला तर एक उंचवटा उरतो, आठ मिलिसेकंदांच्या आसपास.
आम्ही त्याला पाचवी लाट म्हणतो.
आधीच्या चारांसाठी आज कुणी थांबणार नाही.

ऐंशीला आली.
साठला आली, जरा उशिरा, दम लागल्यासारखी.
पन्नासला
मला दिसली.
पुन्हा चालवलं. नाही.
रेषेवर रेषा ठेवून पाहिली:
ती लाट माझ्या डोळ्यांनीच काढली होती.
सत्तावीस वर्षं झाली, तरी हात शिवशिवतो
तिथे खूण करायला.
खोडलं.

मग खालचे सूर. तिथे मात्र तीसलाही स्वच्छ, दोन्ही वेळा.

गोचा दारात उभा, टोपी मुठीत.
लग्नात, मयतीत तिघांतला खालचा आवाज त्याचा,
ज्यावर बाकीचे दोघे चालतात.
"ऐकू येतं ना त्याला?"
म्हटलं, ऐकणं मला मोजता येत नाही.
आवाज कुठवर पोचतो, कुठे दार बंद होतं,
एवढंच, तेही अदमासाने, थोडं वजा करून.
तुझा आवाज पोचतोय.

म्झियाने काहीच विचारलं नाही.
कपाळावरचा चिकटा तिने थुंकी लावून पुसला
आणि त्याला नावाने हाक मारली.
मीही तिच्यामागून मनातल्या मनात म्हणून पाहिलं,
तो ऐकेल तसं:
वा,
मग एक बारीकशी फट,
मग इको.