पायाची सुपं

टेकामांची सुलभा मोबाइल घेऊन आली.
पूस लागला होता, अंगणात शेकोटी.
म्हणे, बाबाजी, हे विणून देता का?
मी पाह्यलं. सुपासारखं काहीतरी,
मधात पाय बांधाले दोरी.
म्हटलं, पोरी, पायानं काय पाखडतं?

बरफ, म्हणाली.
बरफावर धावाची शर्यत असते.
निकुरे सरांनी नाव टाकलं,
आपल्या जिल्ह्यातून माझं एकटीचं.

आता बरफ म्हणजे मले ठाऊक
आरमोरीच्या बाजारातला, भुशात गुंडाळलेला,
मासोळीवर फोडून टाकतात तो.
त्याच्यावर कोण धावते?
तसा नाही, म्हणे, मऊ असते तिकडचा,
पाय टाकला का मांडीपर्यंत खाली.
जड पाऊल बुडते, पसरलं तर तरते.

हे मात्र समजलं.
गावतलावात शिंगाड्याच्या पानावर
ते लांब बोटांचं पाखरू चालते ना,
पान हालते, बुडत नाही.
तेवढंच करायचं होतं मले:
पोरीले पाखराचे पाय.

पहिली जोडी सुपावाणी दाट विणली.
वैनगंगेच्या रेतीत नेली तिनं, पहाटे.
बरफ नाही तर रेती, सर म्हणत.
धुक्यात ट्रॅक्टर उभे रेती भराले,
ड्रायव्हर लोक दात घासता घासता हासले.
दहा पावलं गेली आन् तोंडावर.
एकेका पायावर पायलीभर रेती.

सुपाचं कामच ते, धरून ठेवायचं.
इथं तर सोडून द्यायचं होतं.
रातभर डोळा नाही लागला.
झुंजुरकाले कोंबड्यांचं डालगं दिसलं,
सहा कोनांचे डोळे,
वारा जाते, पिल्लू जात नाही.
दुसरी जोडी त्या विणीची.

मग धावली.
लाखोरीले निळी फुलं आली तरी धावतच होती.
गोपीचंद ड्रायव्हर, जो सर्वात जास्त हासला होता,
तोच ट्रॉली थांबवून
मोबाइलात तिचा वेळ मोजू लागला.

वडश्याहून गाडीत बसली.
जोडी पिशवीत मावेना, पाठीवर बांधली.
मासे धराचं का हो हे?
डब्यातल्या एका बाईनं इचारलं म्हणे.

तिथल्या सायबानं नाही चालू देली.
कंपनीची देली, प्लास्टिकची,
दुसऱ्याच कोणाच्या मापाची.
एकतीस पोरींत अकरावी आली.
मी म्हटलं, अकरावी चांगली.
ती म्हणाली, चांगली नाही, बाबाजी.

मग सांजेले, सारे जेवाले गेले तवा
माझी जोडी बांधून निघाली, एकटीच.
कुठवर गेलीस?
दिवे लागेवर.
आन् कशी चालली जोडी?
यावर ती कायी बोलली नाही, नुसती हासली,
फोटो काढून समोर धरला.
माझ्या डोळ्याले नुसतं पांढरं.
इकडून पाह्यलं, तिकडून पाह्यलं,
चुन्याची पाटी सांडल्यावाणी.

म्हटलं, ते राहू दे. जोडी आण.

डाव्या टाचेजवळ तिसरी कामटी गेलेली.
उन्हानं जाते तवा बांबू उभा फाटते,
उधईनं जाते तवा भुगा,
ओझ्यानं जाते तवा आधी आठ दिवस कुरकुरते.
हे तसं नव्हतं.
आडवं, एका घावात, बांगडी फुटल्यावाणी.
साठ वर्षं बांबूत गेले,
असा मोडलेला पाह्यला नव्हता.
बोट ठेवलं त्या जाग्यावर,
ठेवूनच बसलो.

लय गार होतं ना गं तिथं?
लय.

पुढच्या पुसाले येळ आहे अजून.
कामट्या टाक्यात भिजत टाकल्या,
या खेपेले टाच दुहेरी.
म्हटलं, पाय दे इकडं.
सुतळीनं माप घेतलं.
अर्धा बोट वाढला होता.